झोपना, झोपेना

आशा उजगरे कुणाचंही बोलणं एकदा ऐकून पुढे जात नाहीत. भाजीवाला "मेथी संपली" म्हणाला तरी त्या विचारतात, "संपली म्हणजे नाहीच ना?" नाशकातल्या शरणपूर रोडच्या ख्रिस्ती कंपाउंडातले शेजारी याला वयाचा भाग समजतात. बासष्टाव्या वर्षी कान मंदावणारच, असं त्यांना वाटतं. आशाबाईंचे कान चांगले शाबूत आहेत.

गेली सात वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, त्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीजवळ एका बाकावर बसतात. बागलाणातून, मालेगावकडून आलेल्या माणसांची अहिराणी डॉक्टरांना आणि डॉक्टरांची मराठी त्या माणसांना समजावून देतात. कुणी नेमलेलं नाही, पगार नाही, ओळखपत्रही नाही. शिपाई त्यांना "भाषावाल्या मॅडम" म्हणतात. बाकावरची जागा मात्र त्यांनी निवडून घेतली आहे. पाठीला भिंत लागते. दुपारी अडीचच्या सुमारास आपल्या मागे कुणी येऊन उभं राहिलेलं त्यांना सोसत नाही.

त्याचं कारण २००४ च्या एप्रिलमधलं आहे. आशाबाई तेव्हा एका खासगी दवाखान्यात सिस्टर होत्या. तो दवाखाना आता नाही, त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. नामपूरच्या कांदा मार्केटात पिकअपवरून पडलेला सोमनाथ नावाचा वीस वर्षांचा मुलगा दुपारी बाराच्या आत तिथे दाखल झाला. डोक्याला मार होता, पण पूर्ण शुद्धीवर होता. आईच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत, यावरून तिची चेष्टा करत होता. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. सहा तास लक्ष ठेवा, दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघा, उलटी झाली किंवा गुंगी यायला लागली तर ताबडतोब कळवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आशाबाईंनी ते त्याच्या आईला, लंकाबाईंना, बजावून सांगितलं.

"झोपला तर मला येऊन सांगायचं. मी कुठेही असले तरी. कळलं?"

लंकाबाईंनी मान हलवली.

अडीच वाजता आशाबाई कोपऱ्यातल्या कॉटवर वाकून एका म्हातारीच्या हाताची शीर शोधत होत्या. मागे चपलांचा आवाज आला, थांबला.

"बाई, तो झोपना."

आशाबाईंनी मान वळवली नाही. सिन्नरकडची माणसं "पोरगं झोपंना", "दुखणं थांबंना" म्हणतात, ते त्यांनी हजारदा ऐकलं होतं.

"झोपेना ना? मग चांगलंच आहे. झोपू देऊच नका."

चपला हलल्या नाहीत.

"बाई, तो झोपना ना."

"अहो, ऐकलं मी. जा, त्याच्याजवळ बसा, गप्पा मारा."

तीन वाजता बाहुल्या बघायच्या होत्या. पोरगा जागा आहे असं आई सांगून गेली, म्हणून आशाबाईंनी आधी शिरेचं काम उरकलं, मग दोघांना इंजेक्शनं दिली, आणि कागदावर लिहिलं: '३.०० – जागा. आई सांगते, झोपत नाही.' चार वाजता त्या सोमनाथच्या कॉटपाशी गेल्या. लंकाबाई उशाशी बसून त्याच्याशी बोलत होत्या, त्यांना सांगितलं होतं अगदी तसं. सोमनाथची उजवी बाहुली मोठी झाली होती. बॅटरीचा उजेड टाकला तरी ती हलली नाही. सहा वाजायच्या आत सगळं संपलं.

डॉक्टरांनी कागद वाचून लंकाबाईंना विचारलं, "तुम्हीच म्हणालात ना, झोपत नाही म्हणून? तेव्हाच खरं सांगितलं असतं तर निदान..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं. लंकाबाईंचा दीर शेजारी उभा होता. "वहिनी, तुले येवढं बी सांगता उनं नही?" तो म्हणाला. लंकाबाईंनी तोंड उघडलं. मग ते मिटून घेतलं.

बिचारी घाबरून भलतंच बोलली, असं त्या दिवशी आशाबाईंनाही वाटलं होतं.

आठ महिन्यांनी, नाताळ तोंडावर आलेला असताना, त्याच वॉर्डात मावशीचं काम करणाऱ्या लताबाई उशिरा आल्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही सटाण्याकडचं.

"नातवानं जीव खादा हो सिस्टर," त्या म्हणाल्या. "सकायपासून रडना. आते कोठे झोपना, तवय निघनू मी."

"झोपेना? मग डॉक्टरांना दाखवा ना त्याला."

लताबाई खळखळून हसल्या. "काय सिस्टर तुम्ही! झोपना म्हंजे झोपला. आमच्यात उना म्हंजे आला, बसना म्हंजे बसला. तुमचं 'ना' म्हंजे नाही. आमचं 'ना' म्हंजे झालं! आणि खरं तर आम्ही घरी 'जपना' म्हणतो. तुम्हाला कळावं म्हणून मी सुधारून बोलले, तर तुम्ही उलटंच धरलं."

आशाबाईंच्या हातात औषधांचा ट्रे होता. तो त्यांनी कुठे ठेवला हे त्यांना आठवत नाही. लताबाईंना तो नंतर खिडकीत सापडला.

वरच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं. फाईल बंद झालेली आहे, असं उत्तर मिळालं. मग त्या सावित्रीबाईंकडे गेल्या. सावित्रीबाई म्हणजे चर्चच्या मंडळीतल्या जुन्या शिक्षिका. पाळकांना जे सांगवत नाही ते कंपाउंडातल्या बायका त्यांना सांगत. त्यांनी लसूण सोलता सोलता सगळं ऐकलं.

"देवाला सांगितलंस?"

"रोज सांगते."

"रोज कशाला? एकदा सांगितलंस तेव्हाच क्षमा झाली. ती कमवायची नसते आशा, फुकट असते. फुकटची वस्तू माणसाला घेववत नाही, एवढंच." दोन पाकळ्या सोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि त्या नामपूरच्या बाईला सांगितलंस?"

आशाबाईंनी सोललेल्या पाकळ्या वाटीत गोळा केल्या.

त्या दोनदा नामपूरला जायला निघाल्या. दोन्ही वेळा जुन्या सीबीएसवरून एसटीत बसल्या, सटाण्याला उतरल्या, स्टँडवर चहा प्यायल्या आणि उलट्या गाडीने परत आल्या. नामपूर तिथून फार दूर नाही. त्यानंतर त्यांनी लताबाईंकडून अहिराणी शिकायला घेतली. तीन वर्षांत त्या अशा बोलू लागल्या की "सिस्टर, तुमनं माहेर कोन्ता गावनं शे?" असं पेशंट विचारू लागले. नोकरी संपली त्याच महिन्यात त्यांनी बाक धरला.

चांगली कामं माणूस देवाचे उपकार मानून करतो, तारण विकत घ्यायला नाही, हे आशाबाईंना रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. कुणी विचारलं तर त्या तेच सांगत. भगिनी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा त्या आदल्या दिवशीच भाचीकडे पुण्याला निघून गेल्या. उपकारस्तुतीच्या रविवारी बायका एकेक करून उठतात आणि वर्षभरात देवाने काय केलं याची साक्ष देतात. आशाबाई कधी उठल्या नाहीत. उपासनेत सगळे डोळे मिटून गप्प बसतात, त्या मिनिटभरात त्यांना मागच्या बाकाशी चपला थांबल्याचं ऐकू येई. त्या वळून बघत. मागे कुणीतरी बसलेलं असेच, पण ते डोळे मिटून.

"तू गेलीस ना वर," ऐंशीच्या सावित्रीबाई गेल्या वर्षी म्हणाल्या, "की तिथेही दारात बसून लोकांचे केसपेपर काढून देशील." मग हसू आवरून म्हणाल्या, "सगळ्या बागलाणाची सेवा केलीस गं. एक घर सोडून."

यंदा फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी एक कॉलेजातली मुलगी काठी टेकणाऱ्या बाईंना हाताला धरून बाकापाशी आली. मुलीचं नाव हर्षाली. नाशकातच होस्टेलला राहून फार्मसी शिकत होती.

"मॅडम, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय. तुम्ही अहिराणी सांगता ना डॉक्टरांना? मला कळते, पण धड बोलता येत नाही."

"बसा ना. नाव काय आजींचं?"

"लंकाबाई. नामपूरच्या."

आशाबाईंनी पेन खाली ठेवलं. समोरच्या चेहऱ्यावरून त्यांना ओळख पटली नसती. दोन्ही डोळ्यांवर दुधी साय होती, गाल बसले होते. त्यांनी पायांकडे पाहिलं. चपला एकाच जोडाच्या होत्या.

"माय, काय व्हस तुले?" त्यांनी विचारलं.

लंकाबाईंनी नातीकडे तोंड वळवलं. नातच बोलली.

"आजी फारशी बोलत नाही. आणि बोललीच तर तिचं काही धरू नका हां मॅडम, मलाच विचारा. ती उलटंसुलटं सांगते."

"कोण म्हणतं?"

"घरात सगळेच म्हणतात. ती स्वतःपण म्हणते. माझे एक काका होते, मी जन्मायच्या आधी वारले. डॉक्टरांना काहीतरी उलटं सांगितलं तिने. तेव्हापासून औषधाचं, पैशाचं, काही म्हणजे काही तिला कुणी विचारत नाही." हर्षाली जरा हसली. "आणि आमच्याकडे दुपारी झोपायला कर्फ्यू आहे. कुणाचा डोळा लागला की ही ताट वाजवत उभी. स्वतः तर एकवीस वर्षं दिवसा आडवी झालेली नाही."

लंकाबाई ऐकत होत्या. मान हलवून त्यांनी नातीला दुजोरा दिला.

हर्षाली केसपेपरच्या रांगेत गेली. पुढे पंधरा-वीस माणसं होती. आशाबाईंनी ती मोजली, कारण तेवढाच वेळ हातात होता. गप्प बसलं तर काहीच बिघडणार नव्हतं. डोळा तपासला जाईल, तारीख मिळेल, ऑपरेशन होईल, बाई घरी जातील. आपल्याच जिभेने पोरगा घालवला असं मानत त्या नामपूरला मरतील, आणि मग सांगायला कुणी उरणार नाही. त्याच वेळी मागून चपलांचा आवाज आला. मागे भिंत होती.

"माय," आशाबाई म्हणाल्या, "सोमनाथ व्हता, तवय त्या दवाखानामा मी व्हतू. सिस्टर."

लंकाबाईंची काठी जमिनीवर सरकली.

"तू माले बराबर सांगं व्हतं. तो झोपना, असं. माले तवय तुमनी बोली समजे नही. मी उलटं ऐकं. कागदवर बी मीच उलटं लिखं. डॉक्टरनी तोच कागद वाचा. तुनी काही चूक नही, माय. मनी शे."

दुधी डोळे आशाबाईंच्या चेहऱ्यावर नाही, जरा बाजूला, भिंतीवर लागले होते. खिडकीतून कुणाचं तरी नाव दोनदा पुकारलं गेलं.

"मी सांगं व्हतं?"

"सांगं व्हतं."

"झोपना, असंच म्हनं व्हतं?"

"असंच."

"दोन डाव उनू व्हतू मी तुनाकडे."

"हा. दोन डाव."

लंकाबाईंनी दोन बोटं वर केली आणि तशीच धरून ठेवली, शाळेत मुलं धरतात तशी. "आते समजनं," त्या म्हणाल्या. एकवीस वर्षांपूर्वी हा शब्द आशाबाईंनी 'समजेना' असा ऐकला असता.

लंकाबाई काठीवर जोर देऊन उठल्या. "हर्षे, चाल."

"अगं, नंबर येतोय आपला!"

"चाल."

त्या दोघी गेल्या. आशाबाई तीनपर्यंत बाकावर बसून राहिल्या. कळवणच्या एका म्हाताऱ्याची पोटदुखी त्यांनी डॉक्टरांना समजावून सांगितली, ती त्यांना अजून शब्दन् शब्द आठवते. शुक्रवारी लंकाबाई आल्या नाहीत. रविवारी उपासनेत त्या मिनिटभराच्या शांततेत मागे चपला वाजल्या नाहीत. त्याने बरं वाटायला हवं होतं. आशाबाईंना उलट वाटलं, आता ती बाई मागे नाही, समोर कुठेतरी आहे, आणि कोणत्या दाराने येईल ते सांगता येत नाही. सावित्रीबाईंनी प्रवेशद्वारात त्यांचा चेहरा पाहिला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. उठून गेली."

"जाऊ दे. जायचा हक्क आहे तिला." सावित्रीबाईंनी त्यांचा हात धरला आणि दोघी पायऱ्या उतरल्या.

पुढच्या मंगळवारी हर्षाली एकटीच बाकापाशी आली. चेहरा आवळलेला.

"आजी रिक्षात बसलीय. ऑपरेशन करते म्हणते, पण तुम्ही बरोबर असाल तरच. मला हे पटलेलं नाही. आधीच सांगून ठेवते."

"बरोबर आहे तुझं."

"माझं बरोबर आहे ते मला माहितीये." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "त्या दिवशी आम्ही थेट नामपूरला गेलो. तिने घरात पाऊल नाही टाकलं. आधी धाकट्या आजोबांकडे, म्हणजे तिच्या दिराकडे गेली, त्यांना ओट्यावर बोलावलं, आणि गल्ली ऐकेल असं ओरडली, मी बराबर सांगं व्हतं! आजोबा दोन घरं सोडून राहतात, पण गेली एकवीस वर्षं ती त्यांच्यासमोर पदर पुढे ओढून गप्प बसायची. आजोबा रडले. मग ती आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत प्रत्येक दारात जाऊन तेच सांगत सुटली. सांगून सांगून घसा बसला तिचा."

तपासण्या झाल्या, आणि ऑपरेशनला दोन दिवसांनंतरची, गुरुवारची तारीख मिळाली. तो बाकाचा वार नव्हता. आशाबाई तरीही सकाळी आठला दारात होत्या. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी लंकाबाईंना सांगितलं, लंकाबाई काय म्हणाल्या ते डॉक्टरांना सांगितलं, आणि प्रत्येक वाक्य दोन्हीकडून दोनदा विचारून घेतलं. डॉक्टर तरुण होते. "मॅडम, एकदा सांगितलं तरी चालेल," ते म्हणाले. "नाही चालत," आशाबाई म्हणाल्या.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून लंकाबाईंना वॉर्डात आणलं, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. हर्षाली डोळ्यांत घालायचे थेंब आणायला मेडिकलवर गेली. आशाबाई कॉटशेजारी स्टुलावर बसल्या. स्टुलाला पाठ नव्हती, आणि मागे भिंतही नव्हती. माणसं येत-जात होती.

"सिस्टर," लंकाबाई म्हणाल्या.

"हा, माय."

"मना पोऱ्या तं गया."

"हा."

"तू सांगाले येवढा दिन काबरं लावात?"

सांगायला इतके दिवस का लावले, याचं उत्तर आशाबाईंकडे होतं. सटाण्याचा स्टँड होता, चहा होता, शिकलेली भाषा होती, सात वर्षांचा बाक होता. त्यातलं काहीही इथे बोलण्याजोगं नव्हतं.

"भ्याव वाटे," त्या म्हणाल्या.

लंकाबाईंनी हुंकार दिला. तो राग होता की नुसतं ऐकल्याची खूण, ते आशाबाईंना कळलं नाही. या एका वेळी त्यांनी पुन्हा विचारलं नाही. लंकाबाईंचा हात चादरीवरून चाचपडत आला. त्यांनी आशाबाईंचं मनगट धरलं, नाडी बघतात तसं, मग सोडून दिलं.

"मी जरा जपस," त्या म्हणाल्या. "तू बस."

आणि त्यांनी उघडा डोळा मिटला.

आशाबाई बसून राहिल्या. छातीवरची चादर वर जात होती, खाली येत होती. त्यांनी नाकापाशी बोट धरून पाहिलं. श्वास ऊन होता. अडीच वाजले. मागे चपलांचा आवाज आला, थांबला. या वेळी त्यांनी लगेच मान वळवली. पलीकडच्या कॉटवरच्या पेशंटची बायको होती, पाण्याची बाटली शोधत होती. आशाबाईंनी पुन्हा बोट नाकापाशी धरलं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा तो मध्येच थांबवून त्यांनी मांडीवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं होतं. एवढंच सांगितलं होतं.

हर्षाली थेंबांची बाटली घेऊन आली. आजी दिवसाढवळ्या डोळा मिटून पडलेली पाहून ती कॉटच्या पायथ्याशीच थबकली.

"आजी?" तिने आशाबाईंकडे पाहिलं. "काय झालं तिला?"

"काही नाही," आशाबाई म्हणाल्या, आणि मग नीट, सावकाश, तिला कळेल अशा बेताने म्हणाल्या, "जपनी."